आईच्या पुडीतले कागद

ओरुरो, ४ ऑगस्ट १९९८

लिंबर,

'प्रिय' मुद्दामच लिहिलं नाही. तेवढ्यावरूनही तू भांडण उकरून काढशील.

सेनोबियोकाकांनी काल त्यांच्या तुपिसाच्या बसमधून एक कागद आणून दिला. म्हणाले, "तुपिसातल्या कुणा गिऱ्हाइकाचं काम आहे, पोरी. नाव नाही माहीत." नाव नाही माहीत म्हणे! काका खोटं बोलायला लागले की गालातली कोकाची पानं चघळायचं थांबतात, हे सगळ्या ओरुरोला ठाऊक आहे. कागदावर चकतीचं चित्र, चार भोकं, मधल्या भोकाचं माप त्र्याहत्तर, जाडी पंचवीस. आणि आकड्यांतला तो सात, पोटात आडवी रेघ आणि खाली शेपटी असलेला. असा सात काढणारं गाढव जगात एकच आहे. त्याला तो काढायला मीच शिकवलं.

म्हणजे बाबांच्या डॅटसनला तू मोठी चाकं लावतोयस. सोळा इंची, रुंद. ती आतल्या बाजूने शॉकॲब्सॉर्बरला घासत असणार, म्हणून हब आणि चाकाच्या मध्ये बसवायला या चकत्या हव्यात, चाक बाहेर ढकलायला. ती गाडी एवढी वर्षं आपल्या छोट्या चाकांवर सुखात होती. म्हातारीला उंच टाचेचे बूट घालून नाचायला नेतोयस तू! आणि कुठे, तेही कळतंय मला. तेवीस तारखेची घाटातली शर्यत.

तरी चकत्या केल्या. बाबांच्या लेथवर, माझ्या हाताने. दुसऱ्या कुणाकडून करून घेतल्या असत्यास तर रात्री झोप आली नसती मला.

आता नीट वाच. चाकाचे जुने स्टड तोकडे पडतील, चालणार नाहीत. नट जेमतेम तीन आटे धरेल आणि तुला वाटेल बसला. लांब स्टड बरोबर पाठवलेत. मडगार्डची आतली कड वळवून घे, नाहीतर पहिल्या खड्ड्यात टायर कापलं जाईल. थोडं चालवून झालं की नट परत आवळ. तू आवळत नाहीस, मला माहीत आहे. या वेळी आवळ.

अजून एक. आई गेल्यावर तिच्या कपाटात रंगीत कागदांच्या तुकड्यांची एक पुडी निघाली, न फोडलेली. या ऑगस्टच्या चाल्यासाठी, धरणीमायला बिअर-दारू पाजायच्या विधीसाठी, तिने आधीच आणून ठेवली होती. धरणीमायचा महिना, नवी वस्तू कोरडी घराबाहेर पाठवायची नाही. म्हणून चकत्यांवर बिअर ओतली, थोडी दारू शिंपडली, आणि आईचे कागद दोन्ही बाजूंनी चिकटवले. वाळून घट्ट बसलेत. पुसू नकोस. तू तिच्या मातीला आला नाहीस, निदान तिच्या पुडीतलं काहीतरी तुझ्यापर्यंत येऊ दे.

हेनोवेवा

ओरुरो, १३ ऑगस्ट

लिंबर,

उत्तर नाही. बरं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तुझा तर सुंभही जळलेला नाही.

पण काकांनी सांगितलं मला. म्हणे पार्सल उघडायच्या आधी तू हात धुतलेस. साबणाने. गॅरेजमध्ये उभा राहून चकती उलटीपालटी केलीस, कागदांवरून अंगठा फिरवलास, आणि काकांना "चला, उशीर होतोय तुम्हाला" म्हणून बाहेर काढलंस. ते म्हणाले, "पोरी, तो रडत नव्हता, पण मला जायला सांगत होता." मी ऐकलं आणि लेथ बंद करून आत जाऊन बसले.

हे पत्र तेवढ्यावरच संपवणार होते. पण काका जाता जाता म्हणाले, "दानित्सा बसणार आहे शेजारी, वळणं सांगायला." 

तुला अक्कल आहे का रे? शाळेच्या गणवेशातली तुझी पोर ती! तुला मरायचं असेल तर एकटा मर. तिची आई दूर ब्यूनोस आयर्समध्ये लोकांचे कपडे शिवते ती पोरीने कड्यावर बसून तुला 'डावीकडे, उजवीकडे' सांगावं म्हणून? गेल्या वर्षी त्या घाटात कोण गेलं खाली, मला नाव घ्यायला लावू नकोस.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. 'झालं हिचं सुरू.' तुझ्या डोक्यात अजून तो दोन वर्षांपूर्वीचा रेडिओच वाजतोय. तू रांगेत उभा, गाडी गरम, आणि रेडिओवर निरोप, 'आई अत्यवस्थ, असेल तसा निघ.' तू शर्यत सोडून दिवसभर गाडी हाकत आलास, आणि आई अंगणात बसून बटाटे सोलत होती. तू माझ्याकडे पाहिलंस. मी काही बोलले नाही. त्या दिवसापासून तुझ्या लेखी मी खोटारडी.

आणि मग फेब्रुवारीत तोच रेडिओ, तोच निरोप. या वेळी खरा. तू हसलास म्हणे. 'लांडगा आला रे आला,' म्हणालास, आणि पाना उचलून कामाला लागलास. तुला खरं कळलं तेव्हा तिच्या नवव्या दिवसाची मेणबत्तीही विझली होती.

मी यातलं काही तुझ्यावर टाकत नाही. पण पोरीला गाडीतून उतरव.

हेनोवेवा

ओरुरो, २० ऑगस्ट, घाईत

लिंबर,

चाकं काढ. आत्ता. पत्र हातात धरूनच जॅक लाव, पुढचं नंतर वाच.

आमच्या बाजारातला प्लासिदो टॅक्सीवाला आहे ना, त्यालाही मी याच महिन्यात चकत्या करून दिल्या होत्या. त्यालाही मोठी चाकं हवी होती, पोरी वळून बघतात म्हणून. त्याच्याही चकत्यांची चाल्या केली, तशीच. आज सकाळी तो दारात येऊन ओरडायला लागला, "हेनोवेवाताई, तुमची चकती नाचायला लागली! कार्निव्हल संपला, हिला सांगा कुणीतरी!" मी हसत बाहेर आले. पुढचं चाक हाताने हललं, लिंबर. नट हाताने फिरले. बाजारातल्या गर्दीत बैलाच्या चालीने चालवत होता म्हणून वाचला.

मी चाक उतरवलं. चकती काढली. आणि हबवर गुलाबी कागद.

कळलं का? हब आणि चकती धातूला धातू भिडून बसायला हवीत. मध्ये केसही चालत नाही. मी मध्ये कागद घातला, बिअरच्या साखरेने चिकटवून! नट आवळला तेव्हा घट्ट लागला, कारण कागद दबला. मग गाडी चालली, ब्रेक तापले, कागद करपून भुगा झाला, आणि तेवढी जागा मोकळी. नट सैल. परत आवळून उपयोग नाही. घाटात उतरताना ब्रेक लाल होतील, तेव्हा उरलेला कागद जळेल. मधल्या कुठल्यातरी वळणावर.

आई कधी असं करायची नाही रे. आई टायरवर ओतायची, बॉनेटवर कागद उधळायची, बाहेरून. मला वाटलं, आत लावला तर टिकेल. वाऱ्याने उडणार नाही. तीस वर्षं लेथवर उभी राहून मला एवढं कळू नये? हात दाखवून अवलक्षण. तेही आईच्या नावाने.

चाकं काढ, कागद खरवड, हबचं तोंड आणि चकतीच्या दोन्ही बाजू घासून चकचकीत कर, मग बसव.

काका आज दुपारच्या बसने हे पत्र घेऊन निघतायत. उद्या तुझ्या हातात पडेल. तुझ्या पाया पडते.

हेनोवेवा

ओरुरो, २२ ऑगस्ट

लिंबर,

काका परत आले. चायापाताजवळ रस्ता अडवलाय. शेतकऱ्यांनी दगड टाकलेत, टायर पेटवलेत, रुग्णवाहिकाही सोडत नाहीत. काकांनी दगडांवरून चालत पलीकडे जाऊन कुणा ट्रकवाल्याला पत्र द्यायचा प्रयत्न केला, तर पलीकडेही ट्रक तसेच अडकलेले. गुरुवारचं पत्र काकांच्या खिशातच घामाने ओलं झालंय. आता हेही त्याच्याबरोबर ठेवणार. मग लिहितेय कशाला? हात मोकळे राहिले तर मी वेडी होईन म्हणून.

दुपारी टेलिफोनच्या ऑफिसात गेले. तुपिसाच्या ऑफिसातल्या मुलीला विनवलं, गॅरेज कोपऱ्यावरच आहे, बोलावून आण. ती गेली. मी फोन कानाला धरून उभी. मागे रांग, माणसं उसासे टाकतायत. ती परत आली तेव्हा धापा टाकत होती.

"सेन्योरा, ते म्हणतात, मला बहीण नाही."

मी म्हटलं, "बरं. मग त्यांना सांग, त्या नसलेल्या बहिणीने सांगितलंय की चाकं काढून चकत्यांवरचा कागद खरवडा. जीव जाईल. जा बाळा, परत जा."

ती बिचारी परत गेली. या वेळी जास्त वेळ लागला.

"सांगितलं मी, सेन्योरा. ते म्हणाले... सांगू का?"

"सांग."

"म्हणाले, दोन वर्षांपूर्वी रेडिओवर आईला मारलं, आता कागदाचं निमित्त. आईचा एवढासा कागदसुद्धा डोळ्यात खुपतो का तिच्या?"

मी फोन ठेवला. रांगेतल्या म्हातारीने माझं कोपर धरून मला बाकावर बसवलं. 

ऐक आता. हे मी कधीच सांगणार नव्हते, कारण मी तिला शब्द दिला होता. तो पहिला निरोप मी नव्हता दिला. आईने दिला होता. शाल पांघरून ती स्वतः चालत रेडिओच्या ऑफिसात गेली, आणि येताना बाजारातून बटाटे घेऊन आली. मला म्हणाली, "तुझ्यावर रागावला तर बहिणीवर रागावेल, विसरेल. माझ्यावर रागावला तर मला सहन नाही व्हायचं." म्हणून मी मूग गिळून उभी राहिले. तू विसरला नाहीस. ती रोज फाटकाकडे बघायची. मग तिलाही सांगवेना, मलाही सांगवेना.

हे तुला आज कळायला हवं होतं, आणि हे पत्र काकांच्या खिशात पडून राहणार.

उरला तो रेडिओ. पण रेडिओवर काय सांगू? 'शर्यतीत उतरू नकोस' म्हटलं की तू बटण बंद करणार. 'आई' म्हटलं की हसणार. 'पोरीसाठी' म्हटलं तर म्हणशील, आता हिला ढाल केलं. माझ्या तोंडून येणारा एकही शब्द तुला खरा वाटणार नाही, लिंबर. मी डोकं धरून बसलेय, एक शब्द शोधतेय.

हेनोवेवा

ओरुरो, २३ ऑगस्ट, रविवार

लिंबर,

तुपिसाचा रेडिओ पहाटे उघडतो. पहिला फोन माझा. ती रेडिओवाली बाई म्हणाली, "ताई, निरोप सांगा, मी वाचते." मी म्हटलं, "तुम्ही वाचू नका. मला बोलू द्या." ती म्हणाली, असं करत नाहीत. मग माझा आवाज ऐकून तिने फोन माइकजवळ धरला.

तू ऐकलंस की नाही, मला माहीत नाही. म्हणून काय बोलले ते इथे लिहितेय.

"लिंबर, मी हेनोवेवा. आज धाव. ऐकलंस का? आज तू धाव. दानित्साला शेजारी बसव, तिची नजर तुझ्यापेक्षा चांगली आहे. घाट उतरताना बाबा यायचे तसा ये, इंजिनाने गाडी धर, ब्रेकवर सगळं टाकू नकोस. लोकांना बघू दे बाबांची गाडी काय आहे ती. फक्त त्याआधी चाकं उतरव. चूक माझी आहे. ओरुरोत लेथ चालवणाऱ्या हेनोवेवाची. सगळ्यांनी ऐका, माझ्या गिऱ्हाइकांनीही ऐका. धातू आणि धातूच्या मध्ये मी कागद चिकटवला. तो खरवडून काढ. आईला राग येणार नाही. आईचा आशीर्वाद टायरच्या बाहेर असतो, आत नाही. उशीर झाला तर सगळ्यांच्या शेवटी सूट. पण धाव."

मी, लिंबर. तुझी पहिली हातगाडी लपवून ठेवणारी मी. तुझ्या पहिल्या शर्यतीच्या दिवशी गाडीची चावी चुन्योच्या, वाळवलेल्या बटाट्यांच्या पोत्यात टाकणारी मी. तीच मी आज 'धाव' म्हणाले.

मग घरी आले. मक्याची आपी गरम केली, प्यायला जमली नाही. आता अकरा वाजलेत. शर्यत सुटली असेल. टेलिफोनच्या ऑफिसात तीनदा जाऊन आले. तिकडची लाइन लागत नाही, सगळं गाव घाटावर गेलंय म्हणे. प्लासिदो येऊन दारात बसलाय. तो एकही विनोद करत नाहीये. त्यामुळे मला जास्त भीती वाटतेय.

पुढे लिहवत नाही.

ओरुरो, २७ ऑगस्ट

लिंबर,

रस्ता मोकळा झाला. काका जाऊन आले. तू जिवंत आहेस आणि पोरगी जिवंत आहे हे मला रविवारी दुपारीच कळलं होतं, दानित्साने फोन केला होता. पण ती बोलत होती आणि मी रडत होते, तिचं अर्धं मला कळलंच नाही. बाकीचं काकांनी सांगितलं, पानं चघळत चघळत, म्हणजे खरंच असणार.

तू रांगेत होतास म्हणे. शेजारच्या चहावालीच्या रेडिओवर माझा आवाज आला. तू म्हणालास, "सुरू झाली हिची नाटकं," आणि हात लांब करून रेडिओ बंद केलास. दानित्साने परत लावला. तू परत बंद केलास. तेव्हा ती गाडीतून उतरली आणि म्हणाली, "बाबा, आत्या 'धाव' म्हणाली. आत्या कधी असं म्हणते का?"

काका म्हणाले, तू इंजिन बंद केलंस. मग जॅक मागितलास.

आणि भर रांगेत, सगळ्यांसमोर, चार चाकं उतरवलीस. लोक ओरडत होते. "अरे, गाडी धुवायला आणलीय का?" "बहिणीला विचार, हेल्मेट कुठलं घालू!" "शेपूट घाल, घरी जा!" तू तोंड वर केलं नाहीस. पुढच्या डाव्या चाकाचे नट पाना न लावताच फिरले, हे काकांनी शेवटी सांगितलं. सांगताना चघळायचं थांबले, पण ते खोटं बोलत होते म्हणून नव्हे.

सगळ्यांच्या शेवटी सुटलास. शेवटून दुसरा आलास. तो शेवटचा कोण होता, त्याच्यासाठी मी मेणबत्ती लावणार आहे, बिचाऱ्याला काय वाटलं असेल!

अडकलेली माझी सगळी पत्रं एकदमच तुझ्या हातात पडली. म्हणजे आईच्या निरोपाचंही वाचलंस. तिच्यावर चिडू नकोस. चिडायचंच असेल तर माझ्यावर चिड, मला सवय आहे.

काकांनी तुझी काडेपेटी दिली. मी उभ्याउभ्या उघडली. आत ते तुकडे, गुलाबी, पिवळे, निळे, अर्धे करपलेले, ब्रेकच्या धुळीने काळे. एकही टाकला नाहीस. ब्लेडने खरवडून, बोटाने सपाट करून ठेवलेस. शर्यत सुटत होती, लोक हसत होते, आणि तू हे करत होतास, लिंबर? आईच्या फोटोपाशी ठेवलीय पेटी.

पेटीखाली घडी केलेला कागद. मागच्या चाकांसाठी अजून जाड चकत्या, बत्तीस मिलिमीटर, मधलं भोक तेच त्र्याहत्तर. तोच शेपटीचा सात. पण या वेळी वर लिहिलंयस 'ताई', आणि खाली 'लिंबर'.

चकत्या करते. उद्याच लेथवर घेते. धातूला धातू, मध्ये काही नाही.

पण पार्सल करणार नाही. काकांनाही सांगून ठेवलंय, त्यांनी हात लावायचा नाही. आईच्या पुडीत अजून मूठभर कागद उरलेत. ते टायरवर टाकायला टायर इथे लागतं, ओरुरोत, आपल्या अंगणात. पोरीला घेऊन ये.

तुझी ताई,
हेनोवेवा